दुगारवाडीला आईला नेता येईल का? (आणि पोरांना बूट कोणते?)

नमस्कार मंडळी,

लातूरहून भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं (वय ९ आणि १२) येतायत. पोरांचा एकच घोषा: जंगलातून चालत जायचं आणि धबधब्यापाशी पोचायचं. म्हणून त्र्यंबकजवळचा दुगारवाडीचा धबधबा ठरवलाय. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी नाशिकच्या इंदिरानगरहून सकाळी ७ ला निघायचं, त्र्यंबकला चहा, मग जव्हार रस्ता.

अडचण आईची. वय ६४, गुडघे कुरकुरतात, पण "मी गाडीत बसून राहणार नाही" हे तिने आधीच बजावलंय. शेवटचा उतार तिला झेपेल का? मधला ओढा ओलांडताना पाणी किती असतं?

बुटांचंही सांगा. गेल्या वर्षी पहिन्याच्या धबधब्याला निम्मा दिवस गाड्यांच्या रांगेत गेला आणि ओल्या दगडावर माझ्या सँडलचा सोल पुढून उघडला, मगरीच्या जबड्यासारखा. बायकोच्या ओढणीने बांधून परतलो. (भजी-कणीस कुठे मिळेल ते विचारत नाहीये, ते आपोआप सापडतं.)

प्रतिसाद, गोदाकाठी:
अहो, तारीख बघा आधी! तो तिसऱ्या श्रावणी सोमवारचा आदला दिवस आहे. ब्रह्मगिरीच्या फेरीला (त्र्यंबकच्या डोंगराच्या प्रदक्षिणेला) लोक रविवारपासूनच लोटतात, खासगी गाड्या त्र्यंबकच्या अलीकडेच अडवतात. शनिवारी जा.

आईंना खाली नेऊ नका. उतार निसरडा आहे, धरायला काही नाही. ओढ्याचं म्हणाल तर तिथे पाऊस नसला तरी वरच्या डोंगरात कोसळला की पाणी झपकन चढतं. ऑगस्ट २०२२ मध्ये असेच पर्यटक पलीकडे अडकले होते. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी येताना तेवढंच असेल असं धरून चालू नका. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहून येताना दिसला की लगेच मागे फिरा. डोहात पोरांना उतरवू नका, हे वेगळं सांगायला नको.

बूट नवे नकोत, खाचा असलेले जुने कॅनव्हासचे चालतील. शेवाळावर सगळेच घसरतात म्हणा.

आईंसाठी गंगापूरचा सोमेश्वर धबधबा. गाडीतून उतरलं की जवळच. धरणातून पाणी सोडलेलं असेल तर बघत राहावं असा.

प्रतिसाद, धागाकर्ता:
फेरीचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद! शनिवार पक्का. मात्र तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला ही चूक झाली. आता ती म्हणते, धबधबा राहू दे, सोमवारी फेरीला ने. २० किलोमीटर आहे म्हटलं तर म्हणते, "सावकाश जाऊ."