पुण्याहून विमानाने जाताना: बजेट कंपनी खरंच जास्त परवडते का?

कर्वेनगरकर (धागाकर्ता)

सुट्ट्यांची तिकिटं काढायची वेळ आली की आमच्या घरी हा वाद ठरलेला. मोठ्यांचं म्हणणं, ‘चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण चांगल्या कंपनीचं तिकीट काढ.’ माझं मत उलट आहे. पुण्याहून दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, कोलकाता अशा दीड ते अडीच तासांच्या प्रवासासाठी ‘फुल सर्व्हिस’ (जेवणखाण तिकिटातच धरणाऱ्या) कंपनीला जादा पैसे देण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

पूर्वी होता. एअर इंडियाच्या साध्या तिकिटावर २५ किलो सामान जायचं, बजेटवाल्यांकडे १५. लग्नकार्याला निघालेल्या कुटुंबाला हा फरक मोठा होता. मे २०२४ पासून एअर इंडियाच्या सर्वांत स्वस्त देशांतर्गत तिकिटावरही १५ किलोच मिळतात, म्हणजे इंडिगो आणि अकासा देतात तेवढेच. जास्त हवे असतील तर वरच्या दराचं तिकीट घ्या. मग साध्या तिकिटात उरलं काय? जेवण, आणि पाय ठेवायला इंच-दीड इंच जास्त जागा.

शिवाय निवड तरी कुठे राहिली आहे? जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. देशात मोठी फुल सर्व्हिस कंपनी आता एकच आहे. तिकडे इंडिगोने २०२४ च्या अखेरीला दिल्ली-मुंबई मार्गावर बिझनेस क्लासच्या रुंद खुर्च्या आणल्या. दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकत आहेत आणि आपण मात्र वीस वर्षांपूर्वीच्या समजुतीवर पैसे मोजतो आहोत.

स्वस्त म्हणजे कमी सुरक्षित, ही त्यातली सर्वांत चुकीची समजूत. दर कमी असतात ते वेगळ्या कारणांनी. बहुतेक विमानं एकाच जातीची, त्यामुळे वैमानिक, सुटे भाग, देखभाल सगळं सोपं. विमान जमिनीवर कमी वेळ थांबतं. आणि खुर्च्या जास्त: इंडिगोच्या एअरबस ए-३२० विमानात १८० किंवा १८६, विस्ताराच्या ए-३२० निओमध्ये १६४ होत्या. देखभालीचे आणि वैमानिकांच्या तपासण्यांचे डीजीसीएचे (सरकारी विमान वाहतूक नियामकाचे) नियम सगळ्यांना सारखेच. इकॉनॉमीवरचा ५ टक्के जीएसटी सारखा, २०० रुपये सुरक्षा शुल्क सारखं.

कुणाला हे पटत नसेल तर कारणासकट लिहा.

औंधचे काका

पटत नाही. तुम्ही पहिल्या पानावरची किंमत धरून बोलताय. मी शेवटच्या पानावरची धरतो.

मी आणि सौ. दोघंही सत्तरीच्या पुढे. आम्हाला शेजारी बसायचं असतं आणि स्वच्छतागृहाजवळची, आतल्या बाजूची जागा लागते. वेब चेक-इन उघडलं की जवळजवळ प्रत्येक खुर्चीवर आकडा लिहिलेला. पुढच्या रांगेला एक दर, खिडकीला एक, मधल्या खुर्चीलाही काहीतरी. मग खाणं. मग ‘कन्व्हिनियन्स फी’, तीही माणशी. जाऊन-येऊन दोघांची ही बेरीज केली तर जो फरक वाचला असं वाटत होतं तो बहुतेक वेळा संपलेला असतो. कधी उलटाही होतो.

आणि माझी खरी तक्रार पैशांची नाहीच. मला तिकीट काढताना दहा वेळा ‘नको’ म्हणायला लावतात. विमा नको, लवकर चढणं नको, जादा सामान नको. वयस्कर माणूस घाबरून कुठेतरी ‘हो’ दाबतो. ज्या व्यवहारात ग्राहक सावध असेल तरच स्वस्त पडतं, त्याला मी परवडणारा म्हणणार नाही.

हिंजवडी फेज २

काका, तुमच्या गरजा खऱ्या आहेत, पण त्या सगळ्यांच्या नाहीत. मी ऑफिसच्या कामाला एक पाठपिशवी घेऊन सकाळी जातो आणि रात्री परत येतो. मला १५ किलोही नकोत. एअर इंडिया एक्सप्रेसने फेब्रुवारी २०२४ पासून फक्त केबिन बॅगचं आणखी स्वस्त तिकीट सुरू केलं, ते माझ्यासारख्यासाठीच. शेजारच्याच्या सामानाचे आणि जेवणाचे पैसे मी का भरावेत?

खुर्ची निवडली नाही तरी खुर्ची मिळतेच, हे इथे स्पष्ट लिहायला हवं, कारण ती निवडलीच पाहिजे असं पुष्कळांना वाटतं. आणि लहान मुलांबद्दल: बारा वर्षांखालच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या (बुकिंग क्रमांकावरच्या) आई किंवा वडिलांपैकी एकाच्या तरी शेजारी बसवा, असं डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये सगळ्या कंपन्यांना बजावलं आहे. मुलांसाठी म्हणून जागेचे पैसे भरण्याआधी हे कंपनीला ठणकावून सांगा. खाणं घरून नेता येतं. गुळाची पोळी नाहीतर मेथीचे पराठे नेले तर कुणी अडवत नाही.

लेक परदेशात

तुम्ही सगळे दोन तासांच्या प्रवासाबद्दलच बोलताय. पुण्यातल्या किती घरांतली मुलं बाहेर आहेत? आमच्या सोसायटीत मजल्यागणिक एक तरी घर असेल. त्यांच्या आईवडिलांसाठी हा हिशेब पूर्ण वेगळा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोहगावच्या आपल्या विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आणि लांबीला मर्यादित. युरोप-अमेरिकेला जाणारी मोठी विमानं तिथून उडत नाहीत. दुबई, बँकॉक अशी मोजकी शहरं सोडली तर परदेशी जायला दिल्ली, मुंबईसारखं मोठं विमानतळ गाठावंच लागतं. इथे लोक एक गोष्ट करतात: पुणे-दिल्ली बजेट कंपनीचं स्वस्त तिकीट वेगळं काढतात आणि दिल्ली-लंडन वेगळं. कागदावर काही हजार वाचतात.

आता पुण्याचं विमान तीन तास उशिरा निघालं तर? दिल्लीहून पुढे नेणाऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, ‘नो-शो’. पहिली कंपनी म्हणते, आम्ही तुम्हाला दिल्लीला पोचवलं, आमचं काम झालं. दोघांचंही कायद्याने बरोबर. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पुढचं विमान शोधून देणं ही त्यांची जबाबदारी असते. सामानाचंही तेच. एकाच तिकिटावर परदेशासाठीच्या २३ किलोच्या बॅगा पुण्यातच देता येतात. तिकिटं वेगळी असतील तर पुणे-दिल्लीला १५ किलोंची मर्यादा लागते आणि वरच्या प्रत्येक किलोचे पैसे. मसाले, लोणची, पापड घेऊन निघालेल्या आईच्या बॅगेत १५ किलो कधी असतात का?

माझ्या ओळखीतल्या एका बाई अशाच दिल्लीत अडकल्या. पहिलं विमान उशिरा, पुढचं गेलेलं, फोनची बॅटरी संपत आलेली, हिंदी जेमतेम. नवीन तिकीट जे काढावं लागलं त्यात आधी वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट गेले. तो आकडा कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात दिसत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, पुढे विमान बदलायचं असेल तर सगळं एकत्र देणाऱ्या फुल सर्व्हिस कंपनीचं तिकीट घ्यावं.

कर्वेनगरकर

ताई, एका पीएनआरचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो फुल सर्व्हिसचा मुद्दा नाही. इंडिगोचं केएलएम, एअर फ्रान्स, कतार यांच्याशी कोडशेअर आहे, म्हणजे एकमेकांच्या उड्डाणांची तिकिटं विकण्याचा करार. तिथेही पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर मिळतो. दोष दोन तिकिटं वेगळी काढण्यात आहे.

आणि भरपाईचा नियम तर सगळ्यांना एकच आहे. कंपनीने वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं, तर तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून लांबच्याला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. हवामान, विमानतळ बंद अशी कारणं त्यातून वगळलेली. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. महाग तिकिटाला यात वेगळी वागणूक नाही.

कॅम्पातला तिकीटवाला

या धंद्यात बरीच वर्षं आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोकतो.

नियम सारखा असला तरी अडचणीच्या दिवशी प्रवाशाला भरपाईपेक्षा पुढचं विमान हवं असतं. आणि ते मिळणार की नाही हे त्या कंपनीची त्या मार्गावर दिवसाला किती उड्डाणं आहेत यावर ठरतं. दिल्लीला दिवसातून पुष्कळ उड्डाणं असलेली कंपनी तुम्हाला संध्याकाळपर्यंत पोचवू शकते. जिचं एकच विमान आहे ती दुसऱ्या दिवशीचं देते, मग ती गरम जेवण वाढणारी असो नाहीतर पाणीही विकणारी. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो: पोचायची घाई किती? परीक्षा, ऑपरेशन, लग्न असेल तर सर्वांत स्वस्त कंपनी बघू नका, जास्त फेऱ्या असलेली बघा.

याचीही दुसरी बाजू आहे. देशातले ६० टक्क्यांहून जास्त प्रवासी एकट्या इंडिगोकडे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, आठवड्याची सुट्टी ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. त्याची तयारी पुरेशी नव्हती आणि डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात त्यांची हजारो उड्डाणं रद्द झाली, ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून जास्त. पुण्यातही लोक तासन्‌तास बसून होते. इतर कंपन्यांचे दर इतके चढले की सरकारला मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, आणि १,५०० च्या पुढे १८,००० रुपये. त्या आठवड्यात ‘पुढचं विमान’ हा आधारच निघून गेला होता.

बुडण्याचंही तसंच. किंगफिशर आणि जेट फुल सर्व्हिस होत्या, दोन्ही बंद पडल्या. गो फर्स्ट बजेट होती, मे २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिन्ही वेळा आगाऊ तिकिटं काढलेल्यांचे पैसे अडकले. सहा महिने आधी तिकीट काढताना कंपनीची आर्थिक तब्येत बघा, तिचा प्रकार नंतर.

आणि एक, जे फार कमी लोक मागतात. तिकीट ‘नॉन-रीफंडेबल’ असलं तरी प्रवास रद्द केल्यावर विमानतळाचे शुल्क आणि कर परत द्यावेच लागतात. रद्द करण्याचा दंड मूळ भाडं अधिक इंधन आकार यापेक्षा जास्त घेता येत नाही. हे पैसे सोडून देऊ नका, लेखी मागा.

माहेर नागपूर

मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकते. फुल सर्व्हिस की बजेट, हा प्रश्न महानगरांना जाणाऱ्यांचा आहे. मी नागपूरचं तिकीट शोधते तेव्हा समोर बजेट कंपन्याच दिसतात. माझी तुलना खासगी स्लीपर बसशी आणि रेल्वेशी असते. ऑगस्ट २०२५ पासून अजनी (नागपूर)-पुणे वंदे भारत आहे, पण तिलाही साधारण बारा तास लागतात आणि ते बसून काढायचे. आजारी आईकडे तातडीने जायचं असतं तेव्हा सव्वा तासाचं ते विमान माझ्यासाठी फार मोलाचं असतं. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली नसती, तर माझ्यासारखीने विमानाचा विचार तरी केला असता का, याची मला शंका आहे. त्यामुळे बजेट कंपन्यांना नावं ठेवताना जरा जपून.

मात्र एक खर्च कर्वेनगरकरांनी धरलेला नाही. सर्वांत स्वस्त तिकीट बहुधा पहाटेचं असतं. कात्रजहून रात्री अडीचला लोहगाव म्हणजे कॅबचं भाडं विचारू नका. त्या वेळी ना मेट्रो, ना रामवाडीहून सुटणारी बस. दिवसाचं तिकीट हजाराने महाग असेल तरी मेट्रोने रामवाडी आणि पुढे बस धरली तर दोन्ही सारखेच पडतात. आता नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ च्या अखेरीस सुरू झाल्यापासून ‘तिकडून स्वस्त आहे’ असंही लोक सांगतात. त्यात एक्स्प्रेसवेचा टोल आणि गाडीभाडं मिळवा, मग बोला.

औंधचे काका

ताई, तुमच्यासाठी ही सोय झाली याचा आनंदच आहे. पण स्वस्त सेवा दिली म्हणून किंमत लपवण्याचा हक्क मिळत नाही. माणशी एकूण किती होणार, दोन जागा शेजारी धरून, १५ किलो धरून, हे पहिल्याच पानावर दाखवावं, एवढीच माझी मागणी आहे. ते दाखवलं तर मीही निर्धास्तपणे बजेटचं तिकीट काढीन. तोपर्यंत आमच्या वयाच्या माणसांना मी तरी एअर इंडियाच सुचवणार.

लेक परदेशात

@कॅम्पातला तिकीटवाला, एक विचारते. दिल्लीहून पुढचं तिकीट मुलीने आधीच काढून पाठवलं आहे, फक्त पुणे-दिल्ली राहिलं आहे. म्हणजे दोन तिकिटं वेगळी होणारच. आता काय करावं?

कॅम्पातला तिकीटवाला

ताई, आधी त्या पुढच्या कंपनीला फोन करून विचारा, पुणे-दिल्ली त्याच पीएनआरमध्ये जोडून मिळेल का. कधी थोडा फरक भरून करून देतात. नाहीच म्हणाले तर सकाळच्या विमानावर विसंबू नका, आदल्या दिवशी दुपारपर्यंत दिल्लीत पोचा आणि विमानतळाजवळ रात्र काढा. सामान वजन करूनच निघा. १५ च्या वर जितके किलो होतील तितके ऑनलाइन आधीच घ्या, काउंटरवर ते महाग पडतात. हॉटेल आणि जादा किलो धरून जो आकडा येईल, तोच तुमच्या पुणे-दिल्ली तिकिटाचा खरा दर.