येशू देवच असेल तर प्रार्थना कुणाला करत होता?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. ऑफिसातल्या एका कॅथलिक मित्राच्या पोराच्या बाप्तिस्म्याला कॅम्पात गेलेलो. फादर पाणी ओतताना म्हणाले पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, आणि जेवताना मित्र म्हणतोय देव एकच. मी आपला नरसोबाच्या वाडीला जाणारा माणूस, मला वाटलं दत्तासारखंच असणार, तीन तोंडं एक देव. तर तो म्हणाला तसं नाही ओ, पण पुढं त्याला काय सांगता येईना. आता माझा प्रश्न, येशू देवच आहे तर पकडायच्या आधी गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून कुणाला विनवत होता? स्वतःलाच? चेष्टा नाही, खरंच विचारालोय.

निपाणीचा_बाळू:
सोप्पंय की, पाणी बर्फ वाफ. वस्तू एकच रूपं तीन. शाळेत सिस्टरनी असंच सांगितलेलं.

कॅम्पातली_अक्का:
बाळू, तेच तर नाही बघ. एकच देव कधी पिता कधी पुत्र कधी आत्मा बनून येतो, असं तिसऱ्या शतकात सबेलियस नावाच्या एका धर्मशिक्षकाच्या नावावर चालायचं आणि चर्चनं ते नाकारलं. बायबलातलं मत्तय ३ वाच, येशू यार्देन नदीतून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि आकाशातून वाणी होतेय हा माझा पुत्र, तिघे एकाच वेळी हजर, मग रूप बदललं कधी? म्हणून खानापूरकर, बागेत पुत्र पित्याशी बोलत होता, स्वतःशी नाही. पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, पण तिघांचं देवपण एकच, तीन वाटे केलेलं नाही. आणि येशू पूर्ण माणूसही होता, त्यामुळं मरणाची धास्ती नाटकी नव्हती.
दत्ताचं म्हणाल तर ब्रह्मा विष्णू महेश यांच्याकडं उत्पत्ती स्थिती लय अशी कामं वाटलेली, आणि दत्तात तिघांचा अंश. इथं जग निर्माण केलं ते तिघांनी मिळून, पण माणूस झाला तो फक्त पुत्र.

सीमाभाग_तर्कवादी:
हे सगळं ३२५ साली नायसिया गावातल्या सभेत बिशप लोकांनी मतं टाकून ठरवलं, बायबलात त्रैक्य (तिघे मिळून एक देव) हा शब्दच नाही.

कॅम्पातली_अक्का:
शब्द नाही खरं, पण फादर जे म्हणाले ते मत्तय २८:१९ मधलं, नायसियाच्या कितीतरी आधीचं. भांडण वेगळंच होतं. एरियस नावाचा एक पाद्री म्हणायचा पुत्र हा देवानं निर्माण केलेला, सगळ्यात थोर पण निर्मितीच. मग चर्चमध्ये लोक येशूची उपासना करतात ती कुणाची, निर्माण केलेल्याची? त्यावर सभेनं सांगितलं पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा. आणि मतं टाकून मिटलं म्हणता तर सभेचीच बाजू धरणाऱ्या अथनेशियस बिशपला त्यानंतर पाचदा हद्दपार केलं ते कशाला? आत्म्याबद्दलचं नीट मांडलं ते ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत.

खानापूरकर:
अक्का, बागेतलं आता ध्यानात आलं. पण आत्मा पित्यापासून निघतो की पिता-पुत्र दोघांपासून? मित्राच्या प्रार्थनापुस्तकात दोघांपासून लिहिलंय.

कॅम्पातली_अक्का:
तिथंच ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडची चर्च) आणि कॅथलिक अजून अडलेत ओ, ऑर्थोडॉक्स म्हणतात पित्यापासूनच. त्याला वेगळा धागा काढा, इथं मावायचं नाही.