१४ वर्षं कोर्टात काढली, आता धोरणाच्या कामाला जावं का?

प्रश्न : अंबाजोगाईचा वकील

नमस्कार. अंबाजोगाईच्या कोर्टात १४ वर्षं वकिली करतोय. फौजदारी जास्त, त्यात अॅट्रॉसिटीचे खटले, थोडी पोटगीची कामं, आणि दरसाल दिवाळी झाली की सुरू होणारी ऊसतोड कामगारांची प्रकरणं. मानवी हक्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेनं विचारलंय, पूर्ण वेळ आमच्याकडं या. कायद्यातल्या उणिवांवर टिपणं करायची, ती आमदारांना आणि मंत्रालयात नेऊन पटवायची, आयोगापुढं म्हणणं मांडायचं. खटले चालवायचे नाहीत. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय.

हे डोक्यात कसं शिरलं ते एका प्रकरणावरून सांगतो. नावं गाळतोय.

धारूर तालुक्यातलं जोडपं. एका मुकादमाकडून कोयत्यामागं ९० हजार उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या फडावर गेलं. (बाहेरच्यांसाठी : नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा, उचल म्हणजे त्यानं हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, फड म्हणजे ऊसतोडीची जागा.) सोबत १५ वर्षांचा मुलगा. जानेवारीत नवऱ्याच्या पाठीत भरली, उठता येईना. गावी परत निघाले तर मुकादमानं मुलाला ठेवून घेतलं. हिशोब फिटला की पाठवतो म्हणाला. खाड्याचे, म्हणजे कामावर न गेलेल्या दिवसांच्या दंडाचे, पैसे वेगळे धरले होते, किती ते कुणालाच माहीत नाही. हिशोबाची वही मुकादमाच्या पिशवीत, त्यावर अंगठा माझ्या पक्षकाराचा.

आई माझ्या घरी रात्री साडेनऊला आली. दुसऱ्या दिवशी कागद केले आणि औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टासमोर आणा अशी, याचिका घातली. मुकादमाला नोटीस लागली, तिसऱ्या दिवशी मुलगा जीपनं घरी. पुढच्या तारखेला आम्ही सांगितलं की मुलगा परत आला, याचिका निकाली निघाली. बार रूममध्ये लोकांनी पाठ थोपटली, मलाही बरं वाटलं.

दसऱ्याच्या आधी बाप ऑफिसात आला. म्हणाला, "वकीलसाहेब, पोरगं आणून दिलं, उपकार झाले. पण हिशोब तर ऱ्हायलाच की." त्याच मुकादमाकडून पुन्हा उचल घेतली होती. आधीची बाकी वळती करून हातात आले ३८ हजार.

त्या दिवसापासून मी जुन्या फाइली काढून बघतोय. १४ वर्षांत अशी २७ प्रकरणं हाताळली. माणूस सोडवून आणला, मारहाणीचा गुन्हा नोंदवून घेतला, कुठं अपघाताची भरपाई मिळवली. एकातही वही कोर्टासमोर आली नाही. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी, मजुराशी आमचा संबंध नाही. वजनाची पावती गाडीवाल्याच्या हातात. मजुराच्या हातात काहीच नाही. उचलीची आणि टनाची नोंद लेखी मजुराला दिलीच पाहिजे, असा नियम कारखान्यावर असता तर यातली निम्मी प्रकरणं माझ्याकडं आलीच नसती, असं मला वाटतं. आणि असा नियम कोर्टात एकेक प्रकरण लढून होत नाही, हेही वाटतं. म्हणून जावंसं वाटतंय.

न जाण्याचीही कारणं आहेत. ११ अॅट्रॉसिटीचे खटले चालू आहेत, त्यात मी फिर्यादींच्या बाजूनं सरकारी वकिलांना मदत करतो. घरी आई म्हणते, कोट उतरवून कुठल्या हापिसात बसणार तू? बायको शिक्षिका आहे, ती जा म्हणते. सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, काय होतं ते नक्की माहीत नाही. आणि एक भीती आहे ती मोकळेपणानं सांगतो : उलटतपासणी मला येते, ती मी मेहनतीनं शिकलोय. तिकडं जाऊन ती कला गंजेल.

ज्यांनी हा बदल केलाय त्यांनी सांगावं.


उत्तर : आधी लातूर कोर्ट

वकीलसाहेब, मी लातूरला ९ वर्षं प्रॅक्टिस केली, आता ८ वर्षं धोरणाच्या कामात आहे. सनदेपासून सुरुवात करते, कारण त्यात लोक अडकतात. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणं वकिली चालू असताना कुणाचीही पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी घेतली तर राज्य बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करायची. परत यायचं ठरलं की अर्ज करून ती पुन्हा सुरू करता येते. न कळवता दोन्ही चालवू नका. संस्थेला विचारा, पगाराऐवजी सल्लागार म्हणून मानधनावर, अर्धवेळ घेता का? तसं असेल तर कोर्ट पूर्ण सोडावं लागत नाही. मी थेट नोकरी घेतली, सनद स्थगित केली. ज्या दिवशी ते पत्र पोस्टात टाकलं त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

आता कामाचं. कोर्टात वकीलपत्र दाखल असलं की न्यायाधीशांना तुमचं ऐकावंच लागतं. मंत्रालयात तुमचं ऐकायला कुणी बांधील नाही. पहिलं वर्ष मी मंत्र्यांच्या भेटी मागण्यात घालवलं. नंतर समजलं की टिपणी लिहितो तो कक्ष अधिकारी. तिथून फाइल अवर सचिव, उपसचिव अशी वर जाते, आणि पैसा लागणार असेल तर वित्त विभागात जाऊन बसते. त्या कक्ष अधिकाऱ्याला दोन पानं हवी असतात : सध्याचा नियम काय, अडचण कुठं, बदल कुठल्या शब्दांत, खर्च किती. माझी पहिली टिपणं युक्तिवादासारखी असायची, २२ पानं, निवाड्यांच्या उताऱ्यांनी भरलेली. कुणी वाचली नाहीत. विधिमंडळातले तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कुठल्या आमदाराच्या मतदारसंघात किती टोळ्या निघतात, हे सगळं नव्यानं शिकावं लागलं.

आणि निकाल लागत नाही. हे सगळ्यात जड जातं. तीन वर्षं एका मागणीमागं घालवली, शासन निर्णय निघाला, आणि त्यात आमचं मधलं वाक्यच गाळलेलं.

तरी मी इथं का राहिले ते सांगते. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं आठवा. वकील असताना माझ्याकडं दोन बाया आल्या होत्या, पिशवी काढल्यानंतर त्रास झाला म्हणून. प्रत्येकीकडं एक डिस्चार्ज कार्ड. मी ग्राहक मंचाच्या भाषेत विचार केला : डॉक्टरची चूक सिद्ध होते का, तज्ज्ञ कोण मिळेल. दोन्ही प्रकरणं उभी राहिली नाहीत. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली, बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीत खाडा पडू नये, दंड बसू नये, हे कारण तेव्हा उघड बोललं गेलं. माझ्या त्या दोघी या मोजणीत असतीलच. त्यांचं दुखणं मला एकेक करून दिसत होतं, म्हणून मला त्याचा आकार दिसला नाही. मोजल्यावरच सरकारला उत्तर द्यावं लागलं. हे कळल्यावर मी परत गेले नाही.

उलटतपासणी गंजत नाही, वकीलसाहेब. अधिकारी म्हणतो "तक्रार आलीच नाही", तेव्हा पुढचा प्रश्न काय विचारायचा ते फक्त आपल्याला येतं. तुमच्या २७ फाइलींचं टिपण आजच करायला घ्या, जा किंवा राहा. कारखाना, अंतर, उचल, वही कुणाकडं, शेवट काय झाला. असं टिपण संस्थांकडं नसतं.

माथाडी कायदाही एकदा त्या नजरेनं वाचा. १९६९ चा आहे. हमालाचा मालक कोण हा वाद तिथंही होता. तिथं मंडळ आलं, मालक आणि कामगार दोघांची नोंदणी आली, मजुरी मंडळामार्फत देण्याची सोय आली. तुमच्या वहीच्या प्रश्नाला तिथून वाट निघते.


उत्तर : बीड, ३१ वर्षं वकिली

प्रश्न वाचला. थोडं कडक बोलतो, राग मानू नका. हेबियस कॉर्पस केलंत ते योग्यच. पण त्याबरोबर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली फड ज्या उपविभागात होता तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडं अर्ज दिला होता का? उचलीपोटी पोरगं डांबून ठेवणं ही वेठबिगारीच आहे. त्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणं हे कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर, म्हणजे तुमच्या मुकादमावर येते. तुम्ही वही शोधत बसलात. इथं वही त्यानंच आणायची असते. मुक्ततेचा दाखला मिळाला असता तर आधीची बाकीच रद्द झाली असती आणि दसऱ्याला ती वळती करता आली नसती. १९८२ च्या, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतनाखाली करून घेतलेलं काम सक्तीचं श्रम ठरवलंय, तेही हाताशी होतं.

हा तुमच्या एकट्याचा दोष नाही. आमच्या पिढीनंही हा कायदा क्वचितच वापरला. प्रत्येक उपविभागात दक्षता समिती हवी, तीत अनुसूचित जाती-जमातीचे तीन रहिवासी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते हवेत, असं कलम १३ सांगतं. तुमच्या उपविभागात ती बसते का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. धोरणाचं काम तिथूनच सुरू होतं.

आणखी एक. २०१६ च्या केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत लगेच मिळते, आधी २०,००० होती, पुढं ३०,००० पर्यंत झाली. मोठी रक्कम मात्र आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. खटला किती वर्षं चालतो ते तुम्हाला माहीत आहे. ही गाठ सोडवा म्हणून भांडायला खटले चालवलेलाच माणूस पाहिजे. तेव्हा जा म्हणतो मी.

फक्त ते ११ खटले. साक्षी चालू असताना वकीलपत्र सोडू नका. गावात फिर्यादीवर दबाव असतोच, आणि त्याचा वकील दिसेनासा झाला की पंच आधी फुटतात, मग नातेवाईक. मी हे दोनदा पाहिलं आहे, दोन्ही वेळा आरोपी सुटले. ज्यांच्या साक्षी व्हायच्या आहेत त्या होईपर्यंत थांबा, संस्थेला तसं स्पष्ट सांगा. थांबायला तयार नसेल तर ती संस्था तुमच्या उपयोगाची नाही.


उत्तर : तुळजापूर, शिकतेय

दादा, माझे आईवडील २० वर्षं कोयत्यावर गेले. मी हंगामी वसतिगृहात आणि आजीजवळ राहून शिकले, आता तुळजापूरला समाजकार्य शिकतेय. वरच्या दोघांना कायदा जास्त कळतो. मी फक्त वेळेचं बोलते.

हिवाळी अधिवेशन नागपूरला डिसेंबरात. तेव्हा आमची माणसं फडावर. २६ जानेवारीची ग्रामसभा, तेव्हाही फडावर. आमच्या गावात ऊसतोडीवर एक चर्चासत्र झालं ते नोव्हेंबरात. मंडपात सगळे होते, ऊस तोडणारं कुणी नव्हतं. माझी आजी पुढच्या रांगेत बसवली होती, फोटोसाठी.

तुम्ही गेलात तर एवढं करा. लोकांना मे ते सप्टेंबरच्या दरम्यान भेटा, १ मे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यायला लावा. उचल ठरते ती पावसाळ्यात, पेरणीला आणि लग्नाच्या देण्याला पैसा लागतो तेव्हा. वहीबद्दल बोलायचं तर तेव्हाच बोलायचं. आणि बायांशी वेगळं बोला. उचल एका कोयत्याची असते, अंगठा नवऱ्याचा असतो. माझ्या आईला २० वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही की तुझ्या वाट्याचे किती. नियम करणार असाल तर वहीत दोघांची नावं येऊ द्या.


पुन्हा : अंबाजोगाईचा वकील

सगळ्यांचे आभार. बीडच्या साहेबांना सांगतो, १९७६ च्या कायद्याखाली अर्ज दिला नव्हता. तेव्हा मुलगा सुखरूप यावा एवढंच डोळ्यासमोर होतं, आणि तो आल्यावर मी फाइल बांधून टाकली. राग कशाचा? हा प्रश्न मला कुणीतरी आधीच विचारायला हवा होता.

संस्थेशी बोललो. वर्षभर मानधनावर, आठवड्यातले तीन दिवस, असं मागितलंय. ११ खटले माझ्याकडंच राहतील. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलंय. माहितीच्या अधिकाराचा अर्ज काल उपविभागीय कार्यालयात दिला.

रविवारी धारूरला त्या घरी गेलो होतो. आईवडील फडावर गेलेत, मुलगा यंदा गेला नाही, आत्याकडं राहून दहावीला बसतोय. तुळजापूरच्या ताईंचं वाचून मी त्याला विचारलं, तुझ्या आईच्या कामाची नोंद कुणी ठेवतं का? तो आत गेला आणि शाळेची वही घेऊन आला. मागच्या पानांवर तारखा आहेत. आई रोज संध्याकाळी फोन करते आणि तो लिहून घेतो : किती मोळ्या, गाडी कितीला भरली, खाडा कुणाचा. सुरुवातीला वर उचलीची रक्कम आणि दोघांचीही नावं. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी त्या पानांचे फोटो घेतले, त्याच्या आत्याला विचारून. केज, वडवणी, पाटोदा, गेवराई, कुठंही अशी वही कुणाच्या घरात असेल तर इथं कळवा. मी स्वतः येऊन बघेन, वही तुमच्याकडंच राहील.