वाळूवर वाऱ्यानं पळणारे काटेरी गोळे, कुठलं गवत आहे हे?

काजूबी: गुहागरच्या बाजूला मामाकडे आलेय. काल संध्याकाळी बीचवर नारळाएवढे काटेरी गोळे वाऱ्यानं गडगडत चालले होते, एक पकडायला गेले तर बोटात सुया घुसल्या. वर सुरूच्या बाजूला वाळूत करडं हिरवं गवत पसरलंय, पानं कडक नि टोकदार, गोळे त्यातूनच येतात वाटतं. मामा म्हणतो पायाला टोचतं म्हणून उपटून टाकायचंय. काय आहे हे?

भातखाचर: वाळूतलं लव्हाळं असेल. आमच्याकडे पण टोचतं.

पुळणवाला: लव्हाळं नाही हो. लव्हाळ्याची काडी सहसा तिधारी असते आणि तिला पेरं नसतात, याच्या दांड्याला पेरं असतात नि प्रत्येक पेराला मुळं फुटत फुटत तो वाळूवर लांब धावत जातो. काजूबी, एक पान बघा, कडा आत वळून नळी झालीय का आणि शेंड्याला सुई आहे का? असेल तर हे स्पिनिफेक्स लिटोरियस, आपलं इथलंच गवत. तमिळमध्ये याला रावणन मीसै म्हणतात, म्हणजे रावणाची मिशी. गोळा म्हणजे मादी झाडाचा तुरा, तो पिकला की सुटतो आणि वाऱ्यावर पळत बी पेरत जातो. नर झाड वेगळं असतं, त्याला गोळा नसतो, आखूड काड्यांचे झुबके असतात.

काजूबी: आत्ता जाऊन आले! पान अगदी तसंच, नळीसारखं. गोळा फोडला तर प्रत्येक लांब सुईच्या बुडाशी एकेक दाणा, मग पन्नासेक पावलांवर झुबकेवालं पण सापडलं, मी ते दुसरंच गवत समजत होते. शेजारी जांभळ्या फुलांचा वेल आहे, पान आपट्यासारखं.

पुळणवाला: ती मर्यादवेल, दोघं मिळून वाळू धरून ठेवतात. मामांना सांगा प्लीज उपटू नका, आमच्या गावात बसायला जागा करायची म्हणून एकानं सगळं साफ केलं, आता वारा सुटला की वाळू थेट वाडीत येते आणि सुरू मुळं उघडी पडून आडवे होतायत. जायला यायला एक पायवाट मोकळी ठेवली की झालं.

काजूबी: मामाला दाखवलं. पायवाटेपुरतंच काढू म्हणाला, बाकी राहू दे.