रेफरी माइकवर बोलतो म्हणून न्याय होतो का?

वाकडा_चेंडू (धंतोली)
परवा इथं एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "पंचगिरी कशी असावी हे क्रिकेट-कबड्डीवाल्यांनी रग्बीकडून शिकावं. रेफरीच्या अंगावर माइक, बोलणार फक्त कॅप्टन, तेही सर म्हणून. सगळं जगासमोर. वादाला जागाच नाही." खाली बऱ्याच जणांनी टाळ्याही वाजवल्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

वादाला जागाच नाही? २०२३ च्या रग्बी वर्ल्ड कपची फायनल पाहिली होती का मालक? आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली, मी जागून पाहिली. न्यूझीलंडच्या सॅम केननं दक्षिण आफ्रिकेच्या क्रिएलला डोक्यावर टॅकल केलं. यलो मिळालं, म्हणजे दहा मिनिटं बाहेर. प्रकरण बंकरमध्ये, म्हणजे मैदानाबाहेर व्हिडिओ पाहून कार्ड ठरवणाऱ्याकडे गेलं आणि यलोचं रेड झालं. पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमधलं पहिलंच रेड. न्यूझीलंड उरलेला सगळा वेळ पंधराऐवजी चौदा जणांत. हाफटाइमनंतर आफ्रिकेचा कोलिसी न्यूझीलंडच्या अर्डी सावेयाच्या डोक्यावर आदळला. यलो, बंकर, आणि यलो ते यलोच. निकाल १२-११, आफ्रिका जिंकली.

कोलिसीला रेड हवंच होतं असं मी म्हणत नाही (मनात म्हणतो, इथं नाही). पण ज्या माइकचं एवढं कौतुक, तो होता रेफरी वेन बार्न्सच्या अंगावर, आणि निर्णय घेतला बंकरमधल्या माणसानं. त्याला आठ मिनिटं असतात. त्या आठ मिनिटांत तो काय पाहतो, कशाला किती वजन देतो, याचं एक अक्षर आपल्या कानावर येत नाही. निर्णय जिथं होतो तिथंच माइक नाही!

त्याच वर्ल्ड कपात ९ सप्टेंबरला इंग्लंडच्या टॉम करीला तिसऱ्या मिनिटाला बाहेर बसवलं आणि त्याचंही पुढे रेड झालं. दुसऱ्याच दिवशी क्रिएलनं स्कॉटलंडच्या डेम्प्सीला जवळपास तसंच ठोकलं. त्याला काहीच नाही. शिका म्हणे यांच्याकडून.

स्क्रमहाफ_रामदासपेठ
ते सद्गृहस्थ आम्हीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

केन सरळ उभा होता, वाकलाच नाही. कोलिसीच्या बाबतीत बंकरला धोका तेवढा मोठा वाटला नाही. पायऱ्या ठरलेल्या आहेत: डोक्याला लागलं का, ते नियमबाह्य होतं का, धोका किती, सूट द्यायला काही कारण आहे का. दोघांना पायऱ्या त्याच लावल्या, उत्तर वेगळं आलं. कार्डाचा रंग सारखा हवा हा टीव्हीसमोर बसणाऱ्याचा हट्ट.

क्रिएलचं चुकलं, चला मान्य. पण पंचगिरीचा घोळ काय असतो ते नागपूरकरांना मी सांगू? जामठा, २९ जानेवारी २०१७. शेवटच्या ओव्हरला इंग्लंडला आठ हवेत, बुमराहचा चेंडू रूटच्या बॅटची कड घेऊन पॅडवर, आणि बोट वर! टी-ट्वेंटीत तेव्हा डीआरएस नव्हता. कारण विचारायची सोय नाही, सांगायची सक्ती नाही. कड मला स्टँडमधून ऐकू आली होती. पाच धावांनी जिंकलो आणि नाचत बाहेर पडलो. तेव्हा कुणी धागा काढला नाही.

महालचा_मनोहर
जामठ्याच्या गर्दीत स्टँडमधून कड ऐकू आली? तुम्हालाच बंकरमध्ये बसवायला पाहिजे.

कबड्डीमास्तर
आम्ही रग्बीकडून शिकायचं? ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, एशियाडची फायनल, २८-२८. पवन सेहरावत कुणाला हात न लावता लॉबीत (मैदानाच्या कडेच्या पट्टीत) गेला, त्याच्यामागे इराणचे खेळाडू. जुना नियम की नवा, यावर तासभर खेळ बंद. निर्णय इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. आपण ३३-२९ नं जिंकलो, पण खरं सांगतो, ते सोनं मला नीट गोड लागलं नाही. मात्र तिथं घोळ नियमाचा होता. एकाच नियमाखाली एकाला रेड आणि एकाला काहीच नाही, हे तुमच्याकडचं.

आणि ते 'सर' म्हणण्याचं पुराण बंद करा. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संचालक रासी इरॅस्मसनं रेफरीच्या चुका दाखवायला तासाभराचा व्हिडिओ केला होता, त्यापायी दोन महिने बंदी भोगली. सभ्यता म्हणे.

तर्री_मारके
राजेहो, एवढे भांडून राहिले तुम्ही, पन मले सांगा, नागपुरात रग्बी खेळते कोन? माह्या भाच्यानं खेळली. दोन महिने. दहावीचे वाढीव मार्क घेतले अन् चेंडू माळ्यावर. अंड्याच्या आकाराचं सर्टिफिकेट हाय ते, दुसरं काई नाई.

वाकडा_चेंडू
भाऊ, विषय पंचांचा आहे. सर्टिफिकेटचा वेगळा धागा काढा.

कबड्डीमास्तर
नाही, विषय हाच आहे! कबड्डीत जिल्ह्यालाच संघांची रांग असते, राज्यापर्यंत पोचेस्तोवर पोरांचे गुडघे फुटतात. तुमच्याकडे चार संघ जमले की निवड झाली. नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाच्या रांगेत दोन्ही कागद शेजारीशेजारी उभे. सातत्य शोधायचं तर तिथं शोधा. माझी तीन चांगली पोरं मागच्या पाच वर्षांत "सोप्या खेळात" गेली. आईबाप स्वतः घेऊन गेले.

स्क्रमहाफ_रामदासपेठ
मास्तर, जपून. अकरा वर्षं खेळलोय, खांदा दोनदा निखळलाय. एकही प्रमाणपत्र कुठं जोडलं नाही, नोकरी परीक्षा देऊन मिळवली. सोपा खेळ म्हणता? या एकदा मैदानावर, एक टॅकल घेऊन दाखवा.

तर्री_मारके
तुमचं नाव कोनी घेतलं का? मंग काऊन भडकून राहिले?

महालचा_मनोहर
भडकले तरी मास्तरांचं म्हणणं खोटं नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एका चिरंजीवांनी ज्या खेळाचं प्रमाणपत्र आणलं, त्यात संघात किती जण असतात हे त्यांना पेढे वाटताना सांगता आलं नाही. खेळ कोणता ते सांगत नाही, रोज लिफ्टमध्ये भेटतात.

चार_नंबरची_आई
सगळं वाचलं. माझी मुलगी सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणींची रग्बी खेळते. साडेपाचला उठते, सायकलनं जाते, येताना गुडघे सोलून येते. पुढच्या वर्षी दहावी आहे आणि आम्ही मार्कांचा विषयसुद्धा काढलेला नाही. सगळ्यांना एका काठीनं हाकू नका.

आता पंचांचं ऐका. गेल्या हिवाळ्यात एक स्पर्धा होती. ठरलेले रेफरी आले नाहीत, म्हणून समोरच्या संघाच्या कोचनंच शिट्टी घेतली. पहिल्या हाफमध्ये आमच्या एका मुलीचा हात प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून गळ्याशी गेला, यलो. सेव्हन्समध्ये सामना चौदा मिनिटांचा, त्यात दोन मिनिटं सहाच जणी. तक्रार नाही, हात वर होता. दुसऱ्या हाफमध्ये माझ्या मुलीला अगदी तसंच गळ्याशी धरून फिरवून आपटलं. "प्ले ऑन." ती उठली नाही तेव्हा खेळ थांबला. कॉलरबोन.

मी जाऊन विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, ती ऐनवेळी वाकली, म्हणून वर लागलं." स्क्रमहाफ, तुमची ती शेवटची पायरी. सूट द्यायचं कारण. घरी येऊन मी नियम वाचला, तसं कारण खरंच आहे त्यात. व्हिडिओत मात्र ती वाकलेली दिसत नाही, ताठ पळतेय. पायऱ्या छानच आहेत हो. पण चढणारा समोरच्यांचा होता.

स्क्रमहाफ_रामदासपेठ
ताई, हाड नीट जुळलं ना?

हा मात्र सरळ पक्षपात. बार्न्सच्या फायनलशी त्याचा संबंध लावू नका. पण एक कबूल करतो, "वाकली" हे कारण फार सोयीचं आहे, कुठंही चिकटवता येतं. मोठ्या सामन्यांतसुद्धा चिकटवलेलं पाहिलंय.

चार_नंबरची_आई
जुळलं. जूनपासून परत खेळते. उजवीकडून टॅकल करायला अजून बिचकते.

शिट्टी_माझी
वाचणार होतो फक्त, पण आता लिहितोच. मी जिल्हा पातळीवर रेफरी आहे. दिवसाला आठ-नऊ सामने, मानधन म्हणाल तर पेट्रोल आणि दोन प्लेट पोहे. एका रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूवरच्या झुंबडीत, मला एका वेळी तीन गुन्हे दिसतात. कुणाचा हात चेंडूवर, कुणी बाजूनं घुसलेला, कुणी ऑफसाइड. तिन्ही फुंकले तर खेळच होणार नाही. मी एक निवडतो. उरलेल्या दोघांसाठी पालक माझी आई-बहीण काढतात.

ताई, तुमच्या सामन्यात मी नव्हतो. पण माझ्याच शाळेच्या सामन्यात मीही शिट्टी घेतलीय, कारण दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी पक्षपाती म्हणतील या भीतीनं माझ्याच पोरांना दोन यलो जास्त दिले. पोरं आठवडाभर बोलली नाहीत. तोही अन्यायच, फक्त त्याबद्दल समोरून कुणी तक्रार केली नाही.

कबड्डीमास्तर
हे आमच्याकडेही डिट्टो. पोह्यांसकट.

तर्री_मारके
पोहे तर्रीवाले होते का कोरडे? मंग ठरवू मानधन कमी का जास्त.

वाकडा_चेंडू
हसा. २०१५ च्या वर्ल्ड कपात क्वार्टर फायनलला शेवटच्या क्षणी स्कॉटलंडविरुद्ध पेनल्टी दिली, ऑस्ट्रेलिया ३५-३४ नं जिंकली. नंतर वर्ल्ड रग्बीनंच सांगितलं, पेनल्टी चूक, स्क्रम हवा होता. स्कॉटलंडला काय मिळालं? पत्रक. ताईंना तेही नाही. आणि बंकरच्या माइकचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

स्क्रमहाफ_रामदासपेठ
लावा माइक. बंकरला लावा, पोहेवाल्यालाही लावा. झालं समाधान? पण मग अर्धंच रडू नका. २०२३ च्या फायनलला न्यूझीलंडच्या अ‍ॅरन स्मिथचा ट्राय (चेंडू रेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण) रद्द झाला तेव्हा सावेयाचा नॉक-ऑन (चेंडू हातून पुढे पडणं) झालाच होता, तो पकडला.

वाकडा_चेंडू
झाला होता. पण टीएमओला, म्हणजे व्हिडिओ रेफरीला, दोन फेजच्या (खेळाच्या टप्प्यांच्या) मागं जायची परवानगी नव्हती. हा त्याच्याही मागचा.

महालचा_मनोहर
थांबा. म्हणजे झालेली चूक पकडली, ही चूक?

वाकडा_चेंडू
हो!

स्क्रमहाफ_रामदासपेठ
नाही!

तर्री_मारके
घ्या. मी झोपाले जाऊन राहिलो.