जन्मतारखेच्या रकान्यासाठी कॅलेंडर ठेवावे का?

प्रश्न : ग्रंथमित्र

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळावर सभासद नोंदणीचा मराठी अर्ज आहे. त्यात जन्मतारखेसाठी मी एक तयार कॅलेंडर बसवले आहे. रकान्यावर बोट ठेवले की चालू महिना उघडतो आणि डावीकडच्या बाणाने एकेक महिना मागे जावे लागते. तारीख टंकता येत नाही, कारण चुकीच्या नोंदी टाळण्यासाठी रकाना टंकनासाठी बंद ठेवला आहे. ज्येष्ठ सभासद नेमके इथेच अर्ज सोडून देतात, अशी ग्रंथपालांची तक्रार आहे. कॅलेंडरमध्ये वर्ष निवडण्याची सोय वाढवली तर भागेल, की हा घटकच बदलावा? बहुतेक जण अर्ज मोबाइलवरूनच भरतात.

प्रतिसाद : चौकटराजा

घटकच बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १९५८ साली जन्मलेल्या सभासदाला आपल्या जन्ममहिन्यापर्यंत पोहोचण्यासाठी तो बाण आठशेहून अधिक वेळा दाबावा लागेल. अर्ज सोडून देणाऱ्यांना दोष कसा देणार? कॅलेंडर उपयोगी पडते ते जवळची तारीख ठरवताना, म्हणजे पुढच्या आठवड्यातला शनिवार कोणत्या तारखेला येतो हे पाहायचे असते तेव्हा. जन्मतारीख मात्र प्रत्येकाला पाठ असते, ती शोधायची नसून फक्त लिहायची असते, आणि जन्माच्या दिवशी कोणता वार होता याच्याशी वाचनालयाला काहीही कर्तव्य नसते.

ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळाच्या रचनासंहितेत अशा पाठ असलेल्या तारखांसाठी दिवस, महिना आणि वर्ष असे तीन साधे रकाने सुचवलेले आहेत. तिन्ही रकाने ‘जन्मतारीख’ या एकाच शीर्षकाखाली फील्डसेट आणि लेजंड (रकान्यांचा गट करणारी आणि त्या गटाला शीर्षक देणारी एचटीएमएलची खूणचिन्हे) वापरून बांधावेत, म्हणजे पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणाऱ्या व्यक्तीला ‘दिवस’ कशाचा हे कळते. प्रत्येक रकान्याचे नाव त्याच्या वर कायम दिसले पाहिजे. रकान्याच्या आत फिक्या अक्षरांत लिहिलेले नाव पहिला आकडा टंकताच नाहीसे होते. दोन आकडे झाल्यावर कर्सर आपोआप पुढच्या रकान्यात ढकलण्याचा मोह टाळावा, कारण मागे येऊन दुरुस्ती करणाऱ्याची त्यामुळे फार तारांबळ उडते. अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी ठेवू नये. तसे केल्यास आयफोनवर रकान्याला हात लावताच सगळे पान मोठे होते.

प्रतिसाद : अंकलिपी

वरील मताशी सहमत आहे, मात्र मराठी अर्जातली खरी मेख अजून कोणी सांगितलेली नाही. मराठी कळफलक वापरणारे अनेक जण ‘१९५८’ असे देवनागरी अंक टंकतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला ते अंक म्हणून ओळखता येत नाहीत. मजकुराची संख्या करणाऱ्या तिच्या नंबर या फंक्शनला ‘१९५८’ दिले की उत्तर ‘नॅन’ (म्हणजे ‘ही संख्या नाही’) येते, आणि अगदी बरोबर तारीख लिहिणाऱ्याच्या तोंडावर ‘अवैध नोंद’ असा लाल शेरा मारला जातो. (सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या पायथन या भाषेचे इंट फंक्शन मात्र हेच अंक विनातक्रार स्वीकारते, त्यामुळे सर्व्हरवर चालणारी तारीख ब्राउझरमध्येच अडते, असाही प्रकार घडतो.) म्हणून रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवावा, आकड्यांचा कळफलक उघडण्यासाठी इनपुटमोड हा गुणधर्म ‘न्यूमेरिक’ द्यावा आणि तपासणीपूर्वी देवनागरी अंक 0 ते 9 या अंकांत बदलून घ्यावेत, युनिकोड या अक्षरांच्या प्रमाण सांकेतिक यादीत ते ओळीने मांडलेले असल्यामुळे हे काम दोन-तीन ओळींत होते.

चुकीचा संदेशही नेमका असावा. ‘तारीख अवैध आहे’ यापेक्षा ‘१९६१ च्या फेब्रुवारीत २८ च दिवस होते’ हे वाचून माणूस लगेच दुरुस्ती करतो. ही तपासणी स्वतःच करावी लागते, कारण जावास्क्रिप्टचा तारखा हाताळणारा डेट हा घटक २९ फेब्रुवारी १९६१ ही तारीख निमूटपणे १ मार्च करून टाकतो.

ग्रंथमित्र

दोघांचेही आभार. महिन्यासाठी आकड्याऐवजी जानेवारी ते डिसेंबर अशी यादी दिली तर चालेल का? ०३-०४ असे लिहिले की ३ एप्रिल की ४ मार्च, असा संभ्रम कार्यालयात नेहमी होतो.

प्रतिसाद : चौकटराजा

तीन स्वतंत्र, नावे दिलेले रकाने असताना तो संभ्रम उरत नाही. यादीमुळे मोबाइलवर दोन जादा स्पर्श आणि थोडे सरकवणे वाढते. तरीही महिन्याचे नाव टंकणाऱ्याला अडवू नका. ‘मार्च’ लिहिले तरी ते ३ समजून घ्यावे.

प्रतिसाद : अंकलिपी

साठवतानाची एक गोष्ट राहिली. जन्मतारीख डेटमध्ये घालून टूआयएसओस्ट्रिंगने (तारखेचा जागतिक प्रमाणवेळेनुसार मजकूर करणाऱ्या फंक्शनने) पाठवू नका. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे इथली मध्यरात्र त्या वेळेनुसार आदल्या दिवशीची संध्याकाळ ठरते आणि सभासद एका दिवसाने मोठा होतो. दिवस, महिना, वर्ष हे तिन्ही आकडे तसेच जोडून साध्या मजकुराच्या रूपात पाठवावेत.