शब्दचर्चा : ‘तेरवार’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (दादर, मुंबई) : समुद्राकाठच्या द्राक्षमळ्यांवरील एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे. त्यात ‘तेरवार’ हा फ्रेंच शब्द पानोपानी येतो. जमीन, उतार, पाऊस, वारा आणि ऊन यांचा मिळून वाइनवर उमटणारा ठसा, असा त्याचा आशय आहे. मी ‘मृदागुण’ योजला आहे, पण तो अपुरा वाटतो. जाणकारांनी सुचवावे.

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मूळ शब्दाचे नाते भूमीशी असले, तरी वापरात तो मातीपुरता उरलेला नाही, आणि समुद्राकाठी तर निम्मे काम वारा आणि पाऊसच करतात. स्पेनच्या वायव्येला रिआस बाइशास या भागात अटलांटिकवरून भरपूर पाऊस येतो. म्हणून तेथे अल्बारिन्यो वाणाच्या वेली ग्रॅनाइटच्या खांबांवर मांडव घालून उंच चढवतात, जेणेकरून घडांखालून वारा खेळता राहावा आणि केवड्यासारख्या दमट हवेत फोफावणाऱ्या रोगांना आळा बसावा. ग्रॅनाइट झिजून झालेल्या रेताड जमिनीत पाणी साचत नाही, आणि समुद्रामुळे उन्हाळा सौम्य राहत असल्याने पिकलेल्या द्राक्षातही आंबटपणा टिकतो.

लिस्बनच्या पश्चिमेस असलेल्या कोलारेशची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथे वेली समुद्रकाठच्या वाळूत लावतात आणि त्यांची मुळे खालच्या चिकणमातीपर्यंत उतरतात. 19 व्या शतकात फिलॉक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने युरोपातील मळे उद्ध्वस्त केले, पण वाळूत तिचा निभाव लागत नाही, म्हणून कोलारेशचा रामिश्कु वाण आजही कलमाविना, स्वतःच्या मुळांवर उभा आहे. उभा म्हणणेही चूकच, कारण खाऱ्या वाऱ्यामुळे वेली जमिनीलगत पसरू देतात. त्यांची लाल वाइन तरुणपणी कमालीची तुरट असते आणि वर्षानुवर्षे मुरल्यावर मवाळ होते.

आता शब्दाकडे. ‘मातीची चव’ मात्र टाळावे. ग्रॅनाइटची किंवा वाळूची चव मुळांतून पेल्यापर्यंत येत नाही. जमीन पाणी किती धरते, किती सोडते आणि किती तापते, यातून ती फळ घडवते. म्हणजे जमिनीकडून येतो तो गुण. आपल्याकडे ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ अशी म्हण आहे. ती बैलांची असली, तरी जातीने मिळते ते वाण आणि सहवासाने लागतो तो गुण, हा भेद तिने किती नेमका केला आहे! द्राक्षाचे बागाईतदारही ‘वाण’ हाच शब्द वापरतात.

आयुर्वेदात भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे प्रकार ‘देश’ या संज्ञेखाली येतात, त्यामुळे ‘देशगुण’ सुचेल. परंतु मराठीत देश म्हणजे घाटावरचा मुलूख, कोकणाचा विरुद्धार्थी शब्द. समुद्राकाठच्या मळ्याला तो लावल्यास वाचक नेमका उलट दिशेला जाईल. म्हणून मी ‘स्थलगुण’ सुचवतो. ओघात लिहिताना ‘त्या जागेचे हवापाणी आणि माती’ असेही चालेल.

मुंबईकराला ही कल्पना नवी नाही. एप्रिलमध्ये बाजारात पेटीतला आंबा हातात घेऊन, देठाशी वास घेत, ‘देवगडचा की रत्नागिरीचा?’ असे आपण विचारतो, तेव्हा वाण हापूसच असतो. प्रश्न असतो तो कातळाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. ‘स्थलगुण’ घेतला, आणि अनुवादातले ‘जाळीदार छत’ काढून ‘मांडव’ केला. एक शंका उरते : लेखात ‘या वाइनमध्ये समुद्र चाखता येतो’ असे वाक्य आहे. तेथेही स्थलगुणच म्हणावे काय?

उत्तर : तेथे नको. तो चाखणाऱ्याचा अनुभव आहे. ‘जिभेवर खारट झाक रेंगाळते’ असे लिहावे.